मूल धरणाऱ्याचे नाव व नाते

बाप हा कुटुंबाचा आधारस्तंभ आहे, आणि स्तंभाने वाकून मूल उचलायचं नसतं. हे ज्या प्रांतात नीट समजलं आहे तिथली घरं टिकतात. वेल्ह्याकडच्या खोऱ्यात ते फारच चांगलं समजलेलं आहे. भोरहून देवी टोचायच्या कामावर मी त्या बाजूला चौदा हिवाळे फिरलो, म्हणून अधिकाराने सांगतो.

नियम असा: वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलू नये, त्याचा मुका घेऊ नये, त्याच्याकडे पाहून हसू नये. (नजर गेलीच, तर लगेच बैलाकडे वळवावी.) भावाचं मूल मात्र वाटेल तेवढं खेळवावं; त्यात निर्लज्जपणा धरत नाहीत. वडीलधारे म्हणजे बाप, चुलता, थोरला भाऊ आणि गावात ज्याच्या मिशा पिकल्या आहेत असा कोणीही. एवढ्यांची नजर चुकवून उरलेल्या जागी बापाला पूर्ण मोकळीक आहे. अशी जागा म्हणजे गोठा.

टोचायचं काम चावडीवर चाले. बायकांनी चावडी चढायची नाही, म्हणून मुलं पुरुषांनी आणायची. आणि मांडीवर घट्ट धरल्याशिवाय मुलाच्या दंडावर टोचता येत नाही. यावर लोकांनी काढलेला तोडगा एखाद्या दिवाणालाही सुचला नसता. भाऊ एकमेकांची मुलं धरत. आपलं पोर दुसऱ्याच्या मांडीवर टाहो फोडतंय आणि आपण पुतण्याला "न्हाई रं राजा, न्हाई" म्हणत थोपटतोय, असं चाले. थोपटणाऱ्या हाताचं लक्ष कुठे असे ते मी वहीत लिहीत नसे, कारण तसा रकाना नव्हता.

"मूल धरणाऱ्याचे नाव व नाते" हा रकाना मात्र होता. एकतीस सालच्या माघात विंझरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत मी दुपारपर्यंत बेचाळीस मुलं टोचली. धरणारे: चुलते सव्वीस, मामा नऊ, आजे सात, बाप शून्य. शिस्त म्हणतात ती ही. माझा ऊर भरून आला.

त्रेचाळिसावी कोंडिबाची साळू, वय दीड वर्ष. खालच्या गावात दोन घरांत देवी आल्या होत्या, एक पोर दगावलं होतं, आणि माझी फेरी पुन्हा पुढच्या हिवाळ्यात. टोचायची तर आजच. पण साळूचा चुलता सोनबा भोरच्या बाजाराला गेलेला, आणि आजा रखमाजी यांचा उजवा हात लकव्याने गेलेला. कोंडिबाचा मावसभाऊ चिमाजी तिला घेऊन आला आणि मांडीवर धरायला बसला. साळू त्याला चावली. मग एक सद्गृहस्थ पुढे झाले. त्यांचा फेटा तिने सोडला. तिसऱ्या इसमाने लांबूनच नकार दिला.

एवढं करून तिने सर्वांदेखत कोंडिबाकडे दोन्ही हात पसरले आणि "बा, घोला! घोला!" असं स्पष्ट म्हणाली. त्यावरून कोंडिबा रोज गोठ्यात घोडा होतो, ही गोष्ट अकरा पिकल्या मिशांसमोर शाबीत झाली. कोंडिबा बैलाकडे पाहू लागला. चावडीपुढे बैल नव्हता.

"अरे, धर की लेकीला," मी म्हणालो. (मी पडलो भोरचा. आमच्यात पोच कमी.)

"आबांम्होरं?" कोंडिबाला घाम फुटला होता. "न्हाई जमायचं, सायेब. पर टोचल्याबिगर जाऊ नगा. तुमच्या पाया पडतो."

साळू रडून रडून काळीनिळी झाली. तेव्हा रखमाजी काठी टेकत उठले आणि त्यांनी तोरण्याकडे बोट केलं.

"आरं, गडावर वणवा लागलाय काय? बगा, बगा समदी!"

"व्हय की," कुंडलिक पाटील म्हणाले. "लई धूर हाय."

धूर नव्हता. पण अकराच्या अकरा मिशा गडाकडे वळल्या आणि वळलेल्याच राहिल्या. कोंडिबाने लेकीला मांडीवर घेतलं. ती गप्प झाली. मी टोचलं, ती पुन्हा रडली, आणि त्याने तिचं डोकं खांद्यावर घेऊन तिला थोपटलं. दिवसाढवळ्या, उघड्या चावडीवर. मी पेटी आवरायला लागलो, तसे रखमाजी मान न वळवता म्हणाले, "डागदर, झालं म्हनून वरडू नगा. वणवा आपसूक इझू द्या."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराने येतं.

वणवा चांगला अर्धा तास चालला. वहीत मी "सोनबा, चुलता" असं लिहिलं. (सोनबा त्या वेळी भोरला मिरच्या विकत होता. सरकारी कामात एवढं चालतं.)

हे वाचून तुम्ही हसत असाल. हसा; तुम्ही शिकलेले, पुण्यामुंबईस नोकरीला. वडिलांना दर महिन्याला पत्र लिहिता: "तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम." इथे अण्णा संपतात. खाली दीड पान आईला: अण्णांचा खोकला कसा आहे, काढा घेतात का, मफलर पाठवला आहे तो वापरायला सांग. आईला वाचता येत नाही, तेव्हा हे सगळं अण्णाच तिला मोठ्याने वाचून दाखवतात. मला माहीत आहे. माझ्या घरी अशी तीन पत्रं येतात.

पद्धत उत्तम आहे, बदलू नका. फक्त आई गेल्यावर अण्णांचा खोकला कोणाला विचारायचा, तेवढं आताच ठरवून ठेवा.