कोणतीही चालेल

"नाहीच मिळाली कोणी, तर धाकटी आहेच की घरात. तिला तरी दुसरा काय उद्योग आहे?"

हे सासूबाई स्वयंपाकघरात मोठ्या जाऊबाईंना म्हणाल्या, तेव्हा मी बाहेर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मधली खिडकी सकाळी मीच पुसून उघडी ठेवली होती. (स्वच्छतेचे असे तोटे असतात.) धाकटी म्हणजे मी. लग्नाला चार महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात मी त्या घरात जे काही बोलले होते, ते एका पोस्टकार्डावर सहज मावलं असतं.

प्रश्न ठमीचा होता. ठमी म्हणजे जाऊबाईंची आठ महिन्यांची मुलगी. जाऊबाईंची रजा संपत आली होती, मोठे दीर फिरतीच्या नोकरीवर, सासूबाईंचे गुडघे दुखरे. त्यामुळे चोवीस तास घरात राहून मूल सांभाळणारी बाई हवी होती. आणि माझ्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, डोळ्यांच्या एका दवाखान्याचं पत्र पडलं होतं. डोळे तपासायचं काम, एक तारखेपासून रुजू व्हा. हे पत्र फक्त नवऱ्याला माहीत होतं.

"तूच सांग ना घरी," तो म्हणाला.

"तूच सांग," मी म्हणाले.

यावर आमचं एकमत होऊन तीन आठवडे उलटले होते. तेव्हा बाई मिळण्याची गरज त्या घरात सगळ्यात जास्त कोणाला असेल, तर ठमीला नव्हे, मला होती.

आमच्या शहरात अशा बाया एजन्सीमार्फत देशोदेशींहून येतात. त्या एजन्सीचा फॉर्म आला. अक्षर चांगलं म्हणून भरायला मला बसवलं. वय, अनुभव, पगार हे पटापट झालं. मग एक रकाना आला: 'कोणत्या देशाची चालेल? नको असलेली नावं खोडावीत.' खाली सात देशांची नावं होती, सातवा आपलाच. (बाकीची नावं मी इथे देत नाही. दिली तर वाचणाऱ्यांपैकी काहीजण दुखावतील आणि काहीजण मान डोलावतील. मला भीती दुसऱ्यांची जास्त वाटते.)

"पहिला खोड," सासूबाई म्हणाल्या. "त्या लोकांना झोप फार."

"तुम्हाला कसं माहीत?" जाऊबाईंनी विचारलं.

"अगं, जुन्या घरी पहारेकरी तिथलाच होता. कधी बघावं तर डोळे मिटलेले."

"त्याची रात्रपाळी असायची," सासरे पेपरामागून म्हणाले. "दिवसा झोपणारच तो."

"मग दिवसा ठमीला कोण बघणार?"

हा युक्तिवाद मला अजून उलगडलेला नाही. पण मी खोडलं.

दुसरा देश म्हणजे बरीचशी बेटं. तो सासऱ्यांनी घेतला. "बेटांवरचे लोक आळशी. आमच्या कचेरीत एक होता."

"काम करायचा नाही?"

"करायचा. बावीस वर्षं केलं. पण एकदा फाईल हरवली."

तिसऱ्या देशातल्या बायका फार हसतात, असं जाऊबाई म्हणाल्या. "हसू देत की," सासरे म्हणाले. जाऊबाई त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आमचे हे महिन्यातले आठ दिवस घरी असतात. तू खोड." चौथ्याचं नाव सासूबाईंनी दोनदा उच्चारून पाहिलं आणि "उच्चारच कसा आहे बघ" म्हणून तो बाद केला. पाचव्याकडचे लोक फोनवर मोठ्यानं बोलतात, असं ठरलं. (हे ठरत असताना सासरे त्यांच्या भावाशी फोनवर बोलू लागले होते, त्यामुळे आम्हाला थोडं थांबावं लागलं.) सहावा माझ्या नवऱ्यानं खोडायला लावला. कुठल्याच बाबतीत ज्याचं मत नसतं, त्या माणसानं सांगितलं की त्या देशाच्या संघानं एकदा शेवटच्या मिनिटाला लबाडीनं सामना जिंकला होता.

"आणि आपल्याकडची?" मी विचारलं. पोस्टकार्डावरची एक ओळ खर्ची पडली.

"ती तर मुळीच नको," सासूबाई म्हणाल्या. "घरातलं सगळं चार दिवसांत गावभर."

मी तेही खोडलं. प्रत्येक रेघेगणिक मी ठमीला स्वतःच्या गळ्यात बांधत होते, आणि तरी रेघा सरळ याव्यात म्हणून पट्टी घेऊन बसले होते.

तीन दिवसांनी एजन्सीच्या कारकुनाचा फोन आला. फॉर्मवर नंबर माझा होता.

"मॅडम, तुम्ही सगळेच देश खोडलेत."

"हो."

"आमच्याकडे याच्याबाहेरची कोणी नाही. कोणाहीकडे नसेल. दुसरा फॉर्म पाठवू का?"

आता घरात सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर 'धाकटी आहेच की' हे वाक्य यावेळी खिडकीतून नाही, समोरून आलं असतं. मी म्हणाले, "पाठवा. माझ्याच नावानं पाठवा."

तो फॉर्म मी दार लावून भरला. रकान्याच्या वर 'कोणतीही चालेल' असा एक चौकोन होता, आणि पहिल्या खेपेला त्याच्याकडे कोणाचं लक्षसुद्धा गेलं नव्हतं. मी त्यात बरोबरची खूण केली आणि मला फार बरं वाटलं. गेले काही दिवस मी स्वतःला त्या घरातली एकटी शहाणी समजत होते. माझ्या शिक्षणात मी एक गोष्ट नीट शिकले आहे: तपासणीच्या पाटीवरचं अक्षर दिसत नसलं, तरी माणसं ते दिसतंय असंच सांगतात. घरातल्या प्रत्येकाचा नंबर मी मनातल्या मनात काढून ठेवला होता.

मग पेन चौथ्या नावापाशी गेलं. का गेलं, ते मला नीट माहीत होतं. मी त्या नावावर रेघ मारली. पट्टीशिवाय, पण जोर देऊन. बाजूला लिहिलं: 'शक्यतो ही नको.'

सोमवारी बाई आली. चाळिशीची, आटोपशीर. चपला दारात एकमेकींना चिकटवून ठेवल्या, हात धुतले आणि मगच ठमीकडे पाहिलं. भाषा मोडकी, पण विचारायचं ते नेमकं विचारणारी. कुठली आहेस, असं तिला कोणी विचारलं नाही. एवढ्या खोडाखोडीतून एजन्सीनं निवडून पाठवलीय, म्हणजे ती सगळ्या अटींत बसणारीच, अशी सासूबाईंची खात्री होती.

"मूल रडलं तर?" त्यांनी विचारलं.

"आधी का रडतं ते बघते. बेटांवरच्या बायका नुसत्या बघत बसतात, मी तशी नाही."

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "आळशीच ते लोक," ते जिव्हाळ्यानं म्हणाले. "आमच्या कचेरीत एक होता."

दोघांचं इतकं जमलं की मला वाटलं, झालं काम. मी चहा घेऊन आले, ट्रे ठेवला आणि सवयीनं दाराशी जाऊन उभी राहिले. बाईनं मला खालून वर पाहिलं.

"ह्या ताई कामाला किती दिवस आहेत?"

"ती आमची सून आहे," सासूबाई म्हणाल्या.

"बरं. सुट्टी कधी असते त्यांना?"

सासरे पुन्हा पेपर शोधू लागले. जाऊबाईंनी घाईघाईनं ठमीला बाईच्या मांडीवर दिलं, आणि ठमीनं त्याच क्षणी बाईच्या फाईलमधून एक कागद ओढून तोंडात कोंबला. दोघी-तिघींनी मिळून तो काढला. सासूबाईंनी पदरानं तो पुसला आणि वाळावा म्हणून टेबलावर पसरला. तो दुसरा फॉर्म होता. एजन्सीनं 'कोणतीही चालेल'वरची खूण तेवढी पाहून बाईच्या कागदांबरोबर त्याची प्रत जोडली होती. कोपरा ठमीनं खाल्ला होता, पण सात नावं शाबूत होती. सहा स्वच्छ होती. चौथ्यावर रेघ.

बाईनं बोट ठेवलं. "हा माझा देश."

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मी नाही. मी फक्त बेटं म्हटली होती."

"माझं हसण्यापुरतंच होतं," जाऊबाई म्हणाल्या.

"मी सामन्याचं," नवरा म्हणाला, आणि आपण हे का बोललो असा चेहरा केला.

"आमच्या घरात असलं काही नसतं हो," सासूबाई बाईला म्हणाल्या, आणि चौथा आपणच बाद केला होता हे त्या विसरल्या असल्यानं त्या घटकेला त्यांच्या स्वतःपुरतं ते खरंही होतं. "अगदी परमुलखातला माणूस आला तरी आम्ही त्याला..."

बाईनं ठमीला अलगद जाऊबाईंच्या हाती दिलं. फाईल मिटली, पिशवी खांद्याला लावली. "मी अशा घरी राहिलेय," ती शांतपणे म्हणाली. "जेवण वेगळ्या ताटात देतात. आधी सांगत नाहीत. तुमचं निदान आधी कळलं." आणि चपलांकडे गेली. ठमीनं भोकाड पसरलं. एक एक करत सगळ्यांच्या नजरा दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळल्या. त्यांना संशय आला म्हणून नव्हे. ठमीला आता कोण घेणार, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

मी दार अडवलं. ठरवून नाही, मी तिथेच उभी होते.

"तो देश मी खोडला," मी म्हणाले. "यांच्यापैकी कोणी नाही. यांनी मागच्या फॉर्मवर सगळेच खोडले होते, आपलासुद्धा. मी एकच निवडून खोडला. तुम्ही जाऊ नका. वेगळं ताट इथे नसेल, ते मी बघेन, पण संध्याकाळी बघेन, कारण एक तारखेपासून मी डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला जाणार आहे. हे यांना आत्ता, तुमच्याबरोबरच कळतंय. आणि का खोडला, ते विचाराल, तर लाजेनं. वसतिगृहात तुमच्याकडची एक मुलगी माझ्या खोलीत होती. रोज सकाळी माझी बादली घेऊन जायची, न विचारता. वर्षभर मी तिच्याशी बोलले नाही. वर्ष संपल्यावर सामान बांधताना कळलं, ती बादली तिचीच होती. माझी पलंगाखाली होती."