स्नोमोबिलवाल्या सुषमावहिनी

सुषमावहिनींच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा चहाच्या आधी त्यांनी माझ्या हातात एक लोखंडी पट्टी ठेवली. "अंगठा फिरव. लागतंय काही?"

"नाही."

"म्हणजे मेली ही," म्हणत त्या आधण ठेवायला गेल्या.

वहिनी डोंबिवलीच्या. आयटीच्या लाटेत आमच्यासारख्याच नवऱ्यामागोमाग जपानात, साप्पोरोत आल्या. आम्ही बाकीच्या बायका घरात बसलो. वहिनींनी शहराबाहेर, मोरी-सानच्या स्नोमोबिलच्या दुकानात बाइतो धरला. अर्धवेळ नोकरी, काम गिऱ्हाइकांना चहा देण्याचं.

बर्फावरच्या या गाडीला पुढे दोन स्की असतात. त्यांच्या तळाला ही पट्टी, म्हणजे रनर. त्याची कार्बाइडची, पोलादाहून टणक धार कडक बर्फात रुतते, म्हणून गाडी वळते. धार झिजली की हँडल वळतं, गाडी सरळच जाते. रनर बदलायचं काम वहिनींनी आपणहून अंगावर घेतलं होतं. डांबरी रस्त्यावरून गाडी आणून धार घासणाऱ्याला त्या चक्क मराठीत झापायच्या, आणि तो बिचारा वाकून माफी मागायचा.

फेब्रुवारीत आम्ही नवरा-बायको तिथे भाड्याची गाडी फिरवायला गेलो. मी गाडीवर बसते तोच वहिनी बर्फात आडव्या झाल्या आणि त्यांनी स्कीखाली हात घातला.

"उतर."

"दाइजोबु, दाइजोबु," मोरी-सान समजावू लागले. काही होत नाही.

"तुमचं दाइजोबु ठेवा तुमच्यापाशी!" वहिनी कडाडल्या. मागे रांग खोळंबली. माझा नवरा आपण हिचे कोणी नाहीच, असा उभा राहिला. दोन्ही रनर बदलून, नट आवळून झाले, तेव्हाच वहिनींनी मला सोडलं.

फेरीच्या शेवटच्या वळणावर, झाडांपाशी, त्या एकट्याच उभ्या दिसल्या. मी गाडी थांबवली.

"वळली ना नीट?"

"वळली की."

"माझी नव्हती वळली. पहिल्याच हिवाळ्यात. त्या झाडावर गेले, मनगट मोडलं. हॉस्पिटलात कुणाचं बोलणं कळेना. ह्यांना रजा मिळेना. एकटे मोरी-सान यायचे, संत्री सोलून द्यायचे. आईला फोनवर सांगितलं, मजेत आहे."

मी त्या झाडाकडे वळून बघितलं.

"बघत काय बसलीस? हातमोजा चढव जरा. गारठलं की ही बोटं ऐकत नाहीत."

मी त्यांचं एकेक बोट मोज्यात घातलं. घालून झालं, तरी वहिनींनी हात काढून घेतला नाही.