नानांचं आवतण

फोनवर दिलेलं किंवा दुसऱ्याच्या हाती धाडलेलं आमंत्रण आमचे नाना आमंत्रण धरत नसत. एकदा साहेबांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका शिपाई घेऊन आला, तर नानांनी ती त्याच्याच हातात परत ठेवली. "साहेबांना म्हणावं, सोता या. दोन जिने तर उतरायचेत." जळगावचा उन्हाळा, लिफ्ट बंद. साहेब घाम पुसत उतरून आले आणि नाना लग्नात पहिल्या पंगतीला बसले.

हिरामण नाना आमच्या बँकेच्या मुख्य कचेरीत नेटवर्क सांभाळायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. चोपडा, पाचोरा, वरणगाव, सगळ्या शाखा जळगावला दिसत राहिल्या पाहिजेत, एवढंच आमचं काम. धुळ्याकडच्या शाखा धुळ्याच्या राउटरमार्फत यायच्या. एक राउटर शेजारच्या राउटरला कळवत असतो, की अमुक शाखा माझ्याकडून गाठता येईल. पुस्तकात याला भारदस्त इंग्रजी नाव होतं. नाना म्हणायचे, आवतण.

"रस्ता असून उपयोग नाही," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "आवतण नाही तर त्या रस्त्यानं कोणी जाणार नाही. तू जातो का कुठं न बोलावता जेवायला?"

मी जात असे. पण नवी नोकरी होती, गप्प बसलो.

दहा शाखा वेगवेगळ्या न कळवता एका ओळीत कळवल्या, की ते चूलबंद आवतण. म्हणजे घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. आजही नव्या पोरांना शिकवताना माझ्या तोंडून चूलबंदच निघतं आणि ती पोरं एकमेकांकडं बघतात.

एखादी शाखा दिसेनाशी झाली, की आम्ही वायरी हलवायचो, राउटर बंद करून चालू करायचो, मॅनेजरचे फोन टाळायचो. नाना खुर्चीतून हलत नसत. चष्मा कपाळावर चढवून विचारत, "आवतण दिलं का? पोचलं का? घेतलं का?" आणि बिघाड बहुतेक वेळा या तिन्हींतच कुठंतरी लपलेला सापडायचा.

आता धुळ्याचं सांगायला हवं. धुळ्याचा राउटर सुकदेवआप्पांकडं होता. सुकदेवआप्पा म्हणजे नानांचे सख्खे धाकटे भाऊ, आणि दोघांचं बोलणं बंद होतं. शेतीवाडीचं भांडण नव्हतं. आप्पांनी धुळ्यात घर बांधलं आणि वास्तुशांतीचं आमंत्रण नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. नाना म्हणाले, ग्रुपवर तर तो सुप्रभातही टाकतो. ते गेले नाहीत. मोठा भाऊ आला नाही म्हणून आप्पाही रुसले. पाच-सहा वर्षं झाली होती त्याला. जावाजावांचं मात्र रोज फोनवर चालायचं, आणि घरी काकूंना धुळ्याहून फोन आला की नाना पेपर तोंडासमोर धरून पान न उलटता बसून राहायचे.

धुळ्याची लाइन पडली, की मी मधे. फोन स्पीकरवर टाकलेला असे.

"त्याला विचार, आवतण दिलं का."

आप्पांना तिकडं सगळं ऐकू गेलेलं असे, तरी ते मी विचारायची वाट बघत. मी विचारायचो.

"भाऊले सांग, देयेल शे."

हे नानांनी ऐकलेलं असे, तरी ते माझ्याकडं बघत बसत. मी सांगायचो, दिलंय म्हणतात. असं करत अर्ध्या तासाचं काम दोन तास चाले.

गंमत म्हणजे चोपड्याची लाइन गेली की नाना वैतागत आणि धुळ्याची गेली की आधी चहा सांगत. काम संपल्यावरही फोन ठेवू देत नसत. "विचार त्याला, तिकडं ऊन कसं आहे." "विचार, खोकतोय का तो?" मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. नाना निवृत्तीला आले होते. बिघाड हे एकच निमित्त या भावांना उरलं होतं, नाना घरी बसल्यावर तेही जाणार होतं.

तेवढ्यात साक्रीची नवी शाखा उघडली आणि पहिल्याच सकाळी जळगावला दिसेना. धुळ्याकडच्या बाकी शाखा व्यवस्थित होत्या.

"विचार, दिलं का."

"देयेल शे."

मी आमच्या राउटरवर बघितलं. साक्रीचं आवतण धुळ्याहून येऊन पोचत होतं. राहिलं तिसरं. आमच्याच राउटरवर एक जुना नियम होता. धुळ्याकडच्या अमुक शाखांचंच आवतण घ्यायचं, बाकीचं दारातून परत. तो लिहिला होता नानांनी, साक्री नव्हती तेव्हा. नियमात साक्री घातली आणि शाखा लगेच दिसू लागली.

नाना पडद्याकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "त्याला सांग, चूक जळगावची."

मी सांगितलं. आप्पा नुसते खोकले.

निवृत्तीच्या आधी नानांनी शेतात भरिताचा बेत केला. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. आवतण द्यायला ते टेबलाटेबलाशी गेले, थेट पाचोऱ्याच्या शाखेपर्यंत जाऊन आले. धुळ्याचं नाव काढायची माझी छाती झाली नाही. आणि एका सकाळी तेच म्हणाले, "चल, धुळ्याचा राउटर बघून येऊ."

"तो चांगला चालू आहे, नाना."

"मग चांगला चालू असलेला बघू."

एसटीत त्यांनी हातातली पिशवी वर ठेवू दिली नाही. पारोळ्याला चहालाही उतरले नाहीत.

आम्हाला बघून आप्पा खुर्चीतून उठले. नाना राउटरसमोर उभे राहून त्याचे हिरवे दिवे बघू लागले. मग सवयीनं माझ्याकडं वळले, "त्याला सांग..."

मी पहिल्यांदाच नानांचं ऐकलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिलो.

नाना खाकरले. कचेरीतली भाषा गेली आणि घरातली अहिराणी आली. "ऐतवारले भरीत शे. चूलबंद. बठ्ठा या."

आप्पा टेबलाला वळसा घालून आले आणि नानांच्या पाया पडले. "येसूत, भाऊ. पन पह्यले मन्हं घर देखी ले. सोता सांगी राह्यनू."

आप्पा स्वतः बोलावत होते, नाना लगेच निघाले. घर जवळच होतं. दारात नाना थांबले आणि त्यांनी पिशवी उघडली. आत टॉवेल, टोपी आणि एक साडी. साडीच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या.

"वास्तूना आहेर शे," नाना म्हणाले. "तवयच लई ठेयेल व्हता. त्या दिन सकायपासून कपडा घालीसन बशेल व्हतू. म्हनं, तू लेवाले येशी."

त्या दिवशी न्यायला न गेलेल्या आप्पांनी डोकं पुढं वाकवलं. नानांनी टोपी स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्यावर ठेवली, जरा तिरकी झाली ती सरळ केली, आणि चपला काढून आत गेले.