मोकलकाकांचं मखर

आमच्या शेजारच्या मोकलकाकांच्या घरात कात्री हवी असेल तर परमिट लागतं.

ही थट्टा नाही. दारामागे खिळ्याला एक पॅड टांगलेलं आहे. त्यावर आपलं नाव लिहायचं, काम लिहायचं, किती वेळ लागेल ते लिहायचं आणि खाली सही ठोकायची. मग काका चष्मा कपाळावर चढवून ते वाचतात, आपल्याला एकदा आपादमस्तक न्याहाळतात आणि कात्री देतात. मूठ आपल्याकडे, टोक स्वतःकडे. एकदा मिशीचा एक केस सारखा नाकात जात होता म्हणून मी कात्री मागायला गेलो, तर 'कामाचं स्वरूप' या रकान्यात मला 'मिशी' असं लिहावं लागलं. ते पान काकांनी फाइलला लावून ठेवलंय आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात.

काका मूळचे पेणकडचे, जिते गावचे. नोकरीसाठी रोह्याला आले आणि केमिकलच्या कंपनीत तीस वर्षं ऑपरेटर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण कंपनी काही अंगातून गेली नाही. आता प्लांट चालवायला मिळत नाही म्हणून ते घरी सण चालवतात. संक्रांतीचे हलव्याचे दागिने, पाडव्याच्या गुढीची झालर, गणपतीचं मखर, दिवाळीचा कंदील, सगळं स्वतःच्या हाताने. विकतचं एक तोरणसुद्धा त्या घराच्या उंबऱ्याला लागलेलं नाही.

"सण दारात आल्यावर जो तयारीला लागतो, तो ऑपरेटर नाय, पाव्हणा," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ऐन वैशाखात घामाच्या धारा लागलेल्या असताना काका आकाशकंदील चिकटवत बसतात. दिवाळीला आपण फराळाचं ताट घेऊन जावं, तर ते काटेरी हलव्याचा मुकुट ओवत असतात.

माळ्यावर एकेका सणाचे पत्र्याचे डबे मांडलेत. प्रत्येकाला तारेने पत्र्याची पाटी बांधलेली: 'होळी – चालू', 'पाडवा – दुरुस्तीला', 'दसरा – स्टँडबाय'. कंदिलाला लाल कागद ते लावत नाहीत, कारण कंपनीत लाल पाइप म्हणजे आग विझवायचं पाणी. पिवळा म्हणजे गॅस. आमच्या हिने एकदा हौसेने लाल-पिवळा कंदील टांगला, तर काका खाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. शेवटी म्हणाले, "वहिनी, चांगला झालाय, पण मला याच्याखाली उभं राहवत नाय."

गरम गोंदाची ती बंदूक असते ना, ग्लू गन, ती काढली की मात्र कडेकोट बंदोबस्त. ते 'हॉट वर्क'. त्यासाठी निराळं परमिट आणि काकूंनी पाण्याची बादली घेऊन शेजारी उभं राहायचं. काकू स्वभावाने गरीब. एका हाताने बादली धरतात आणि दुसऱ्या हाताने तांदूळ निवडतात. काका आंघोळीला निघाले की रीतसर चार्ज देऊन जातात.

"पाकळी नंबर चौदा सुकत हाय गो. पंधराला हात लावू नको. बाकी ऑल नॉर्मल."

'ऑल नॉर्मल' हा त्यांचा तारकमंत्र. कंपनीत पाळी संपताना लॉगबुकात हेच लिहायचं असतं म्हणे. तब्येत कशी काय, ऑल नॉर्मल. पाऊस कसा, ऑल नॉर्मल. एका श्रावणात नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि काका चार तास तिथे एसटीत अडकले, तिथून त्यांनी काकूंना फोन करून हेच सांगितलं.

आणखी एक खोड सांगायची राहिली. टाळ्या. आळीत कुणाच्याही घरी आरती असली की काका अशा टाळ्या हाणतात की लहान मुलं कानांवर हात ठेवतात. ताल बरोबर असतो, पण आवाज म्हणजे कुणीतरी फळीने फळी बडवावी. मी आपला निष्कर्ष काढून ठेवला होता की यंत्रांच्या घरघरीत तीस वर्षं काढून म्हाताऱ्याचे कान गेलेले आहेत. सभ्यपणाने मी त्यांच्याशी मोठ्याने बोलायचो. तेही मला मोठ्याने उत्तर द्यायचे. नंतर कळलं, त्यांना वाटत होतं मीच बहिरा आहे.

तर यंदा ज्येष्ठात एका संध्याकाळी काका आमच्याकडे आले आणि खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"भाऊ, रेश्माचा फोन आला. गणपतीला येते म्हणाली. पाच दिवस."

रेश्मा त्यांची एकुलती एक मुलगी, नाशिकला दिलेली. लग्न झाल्यापासून ती गणपतीला आलेली नव्हती. उन्हाळ्यात यायची, राहायची, पण गणपतीला नाही. भांडण वगैरे काही नव्हतं. काकूंनी एकदा आमच्या हिला सांगितलं होतं, ते एवढंच की प्लांट काही सणाला बंद राहत नाही आणि ज्यांची पोरं लहान ते लोक काकांपुढे हात जोडायचे, तुम्ही करा ना ड्यूटी. काकांना नाही म्हणता यायचं नाही. आपलीही पोर लहानच आहे, हे त्यांच्या लक्षात यायला पोर मोठी व्हावी लागली. दुपारी दोनला गेलेला माणूस रात्री घरी यायचा, आणि पोरगी आरतीचं ताट घेऊन वाट बघून कंटाळून झोपलेली असायची.

"ती घरी आणि मी घरी, असा एक पण गणपती झाला नाय, भाऊ," काका म्हणाले. "ह्यो पयला. यात फॉल्ट चालायचा नाय."

दुसऱ्या दिवसापासून आळीत खोक्यांचा दुष्काळ पडला. काकांनी कमळाचं मखर करायला घेतलं होतं. पुठ्ठ्याच्या पाकळ्या, वर कमान आणि कमानीच्या मधोमध सर्वांत मोठी पाकळी नंबर एक. आमचा नवा मिक्सर आला, तर मी पावती बघतोय तोवर खोकं गेलेलं आणि मिक्सर जमिनीवर. हिने मला सुनावलं, "बघा जरा, या वयात ते काय काय करतात." मी म्हटलं, मीही करतो, मी खोकी पुरवतो.

माझ्यावर आणखी एक कामगिरी आली. मी रोज रोह्याहून पेणला कचेरीत जातो. आमच्याकडे ज्याला जो गणपती हवा, त्याने आपला पाट आधीच पेणला मूर्तींच्या कारखान्यात नेऊन द्यायचा असतो. मूर्ती त्याच पाटावर बसते आणि त्याच पाटावर घरी येते. काकांचा पाट त्यांच्या वडिलांच्या हातचा, शिवणीच्या लाकडाचा, चार दणकट पायांचा. गाडीत तो मी मांडीवर घेऊन बसलो. निडी स्टेशन येईपर्यंत ते चार पाय माझ्या मांड्यांत व्यवस्थित रुतले होते.

कारखान्यातल्या बाई मूर्तीचे डोळे रेखत होत्या. मी काकांची चिठ्ठी वाचून दाखवली: "उंची सतरा इंच. एक सूत जास्त नाही, एक सूत कमी नाही."

बाईंनी कुंचला थांबवला. "दादा, त्यांना सांगा, ह्यो बाप्पा हाय, नटबोल्ट नाय."

तरी मूर्ती बरोबर सतरा इंचांची झाली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी टेम्पो करून आम्ही ती आणायला गेलो. मूर्ती उचलण्यापूर्वी काकांनी मला, टेम्पोवाल्याला आणि कारखान्यातल्या दोन अनोळखी गिऱ्हाइकांना एका रांगेत उभं करून सुरक्षेवर भाषण दिलं. पाय कुठे ठेवायचा, कोण बोलणार, कोण बोलणार नाही. टेम्पोवाला गुपचूप ऐकत होता. परतताना गाडी इतकी हळू चालवायला लावली की नागोठण्याजवळ एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वळून नमस्कार केला.

चार वाजता घरी पोचलो. काकूंनी दारात काकांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. तोंडावर रुमाल घातलेला बाप्पा आत आला. कमळ खरोखर देखणं झालं होतं. आळीतली दहा-बारा माणसं बघायला जमली होती. काकांनी मूर्ती मखराजवळ नेली, थोडी वाकवली, मागे घेतली, पुन्हा नेली.

बाप्पाचा मुकुट पाकळी नंबर एकवर जाऊन टेकला.

काकांनी मूर्ती हळूच टेबलावर ठेवली आणि खिशातून टेप काढला. मूर्ती मोजली. सतरा. मखर मोजलं. अठरा, म्हणजे इंचभर मोकळं. काका एकदा इकडे बघतात, एकदा तिकडे. कुणाच्याच काही लक्षात येईना. शेवटी काकूच म्हणाल्या, "अवो, पण पाट?"

पाट साडेतीन इंचांचा. तो ज्येष्ठापासून पेणला. घरात डोळ्यांसमोर नाही, म्हणून हिशोबातही नाही. ज्याच्या मांड्यांवर त्या पाटाचे वळ उठले होते, त्या मलासुद्धा कधी आठवला नाही.

"पाट काढून ठेवू या," कुणीतरी सुचवलं.

"अजिबात नाय," काकू म्हणाल्या. गरीब स्वभावाच्या बाईचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मामंजींचा पाट हाय. बाप्पा त्याच्यावरनं उतरायचा नाय."

"मग कमान कापा."

काकांनी कात्री घेतली. मग तिथे इतकी माणसं उभी असताना ते दारामागे गेले, पॅड काढलं आणि परमिट भरायला बसले. नाव लिहिलं. 'कामाचं स्वरूप' इथे पेन थांबलं ते थांबलंच. कुणी हसलं नाही. लोक एकेक करून पांगले.

"तीस वर्षं प्लांट चालवला, भाऊ," काका म्हणाले. "कधी ट्रिप होऊन बंद पडू दिला नाय. आणि पयल्यांदा पोरगी येते, तर घरचं साधं माप चुकलो." त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "चालायचंच!" काका दचकले.

साडेपाचला रेश्मा आली. बॅग खांद्यालाच. तिने मखर पाहिलं, बाहेर बसलेला बाप्पा पाहिला, पॅड घेऊन बसलेले वडील पाहिले. मी तिला झाला प्रकार थोडक्यात सांगितला. वाटलं, ही आता हसणार किंवा रडणार. तिने काकांच्या हातातून पॅड घेतलं आणि 'कामाचं स्वरूप' समोर लिहिलं: 'वरची पाकळी काढणे'. खाली सही केली आणि हात पुढे केला.

"द्या कात्री."

"सावकाश गो," काकांनी मूठ तिच्याकडे करून कात्री दिली. "आई, बादली घेऊन ये," रेश्मा म्हणाली. हॉट वर्क नव्हतं तरी काकू बादली घेऊन आल्या. पाच मिनिटांत पाकळी नंबर एक खाली आली. बाप्पा पाटासकट आत बसला. वर कमळ उघडंच राहिलं. खरं सांगायचं तर तसंच जास्त छान दिसत होतं, पण हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिष्ठा झाली. संध्याकाळी सात वाजता आरतीला आम्ही दोघं गेलो. ताट रेश्माच्या हातात. काका तिच्या शेजारी, इस्त्रीच्या सदऱ्यात. आरती सुरू झाली आणि त्यांनी आपल्या त्या टाळ्या सुरू केल्या. समईची ज्योत हलली. रेश्माने दोन कडवी सोसली. आरती संपल्यावर ती हसत म्हणाली, "बाबा, एवढ्या जोरात?"

"सवय गो. पंपाजवळ उभा राहून वाजवायचो ना. तिथं आपली टाळी आपल्याला पण ऐकू येत नाय."

"पंपाजवळ? कधी?"

"गणपतीत. सात वाजले की जायचो राउंडला." काका हे पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होते. "तू इथं ताट घ्यायचीस ना सातला, त्याच टायमाला. सगळ्या आरत्या म्हणायचो. मंत्रपुष्पांजली झाली की परत येऊन लॉगबुक भरायचो."

रेश्माच्या हातातलं ताट तसंच राहिलं. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. इतक्या वर्षांत हे त्यांनासुद्धा माहीत नव्हतं. तीस वर्षं हा माणूस पावसात पंपाशेजारी एकटा उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि मी त्याला बहिरा ठरवून मोकळा झालो होतो. मला माझीच लाज वाटली.

"आणि लॉगबुकात काय लिहायचात?" रेश्माने विचारलं.

काकांनी समईची वात सारखी केली. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं.

तिने ताट आमच्या हिच्या हातात दिलं, काकांना खेटून उभी राहिली आणि पुढची आरती स्वतःच सुरू केली. टाळ्या वाजवल्या त्याही अगदी बापासारख्या, फळीवर फळी. मग काकूंनी वाजवल्या. मग मीही हात मोकळे सोडले. एवढा दणका झाला की पाकळी नंबर चौदा सुटली आणि भिरभिरत कालपासून तिथेच राहिलेल्या काकूंच्या बादलीत थेट पडली.

मी काकांकडे पाहिलं. आता परमिट निघणार, मला खात्रीच होती. काकांनी पाकळीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते लेकीच्या हातांकडे बघत होते.

"ऑल नॉर्मल," ते म्हणाले, आणि पुढचं कडवं त्यांना काही केल्या म्हणता येईना.