दहिबाचा अंगठा

हजला जाऊन आलेल्या हाज्जा दहिबाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशी हाड असं काही वाढलं होतं, की बूट म्हटला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि दोन महिन्यांवर नबराचं, लाडक्या नातीचं लग्न! नाचणाऱ्या बायकांच्या रांगेत पहिला मान नवरीच्या आजीचा, तोही नव्या बुटांत. तेवढ्यासाठी ती ऑपरेशनला तयार झाली. नाईल नदीपलीकडच्या अस्वानच्या डॉक्टर वहीबांनी तारीख दिली.

आदल्या दिवशी शेजारची बहिता आली.

"अगं, परका पुरुष पाय हातात घेणार, नि तू असे बोडके पाय घेऊन जाणार? काही लाजलज्जा?"

झालं! बहिताने तिकडची काळी मेंदी कालवली आणि नखांपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय काळेभोर केले.

डॉक्टरांनी चादर उचलली आणि कपाळाला हात लावला.

"आज्जी, बोटांत रक्त खेळतंय की नाही, हे मी नखांच्या रंगावरून बघतो. ही तर काळीकुट्ट!"

"रंगलीय ना छान?" दहिबा खुशीत म्हणाली.

"रंग गेला की या."

मग काय, गल्लीतल्या बायका कामाला लागल्या. बहिताने लिंबं घासली, दुसरीने राख, तिसरीने फरशी धुवायचं औषध. मेंदी जागची हलली नाही, कातडी मात्र सोलली. पायावर टरारून फोड आले.

"यावर सुरी चालवू?" डॉक्टर ओरडले. "आधी हे बरं होऊ दे. आता लग्नानंतरच!"

परतताना नावेत दहिबा हमसून हमसून रडली. नवरा शलाली कासावीस झाला.

"रडू नको गं. तुझ्याऐवजी मी नाचतो."

"तुम्ही? आपल्या लग्नात माझाच पाय तुडवलात!"

"म्हणजे हाडही माझ्यामुळेच वाढलं म्हण की!"

ती रडता रडता हसली.

लग्नाच्या सकाळी शलालीने मासे साफ करायची सुरी घेतली आणि नव्या बुटाला कडेने गोल भोक पाडलं.

"अहो, कोरा बूट!" दहिबा किंचाळली.

"घालून तर बघ."

हाड भोकातून आरामात बाहेर आलं. ती उभी राहिली. चालली. कुठे दुखेना! ढोल थांबेपर्यंत ती पहिल्या जागेवरून हलली नाही. पायघोळ झग्याखालचं भोक कुणाला दिसणार?

"डॉक्टरांचा हातगुण बाई!" वराकडच्या बायका म्हणाल्या.

दहिबाला राहवलं नाही. तिने झगा उचलला. "डॉक्टर कसले, आमच्या ह्यांचा हातगुण!"

दुसऱ्या दिवसापासून शलालीच्या दारात बायकांच्या बुटांचा ढीग लागला. आठवड्याने डॉक्टर वहीब स्वतः नावेने आले. आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून शलालीने सुरी पाठीमागे लपवली.

डॉक्टरांनी दहिबाचा पाय पाहिला. "फोड गेले. ऑपरेशनला कधी येताय?"

मग इकडेतिकडे बघत त्यांनी काखेतलं पुडकं सोडलं. आत बायकी लाल बूट.

"आमच्या हिचे," ते हळूच म्हणाले. "दोन वर्षं समजावतोय, पण माझ्याकडून हाड कापून घ्यायला तयारच नाही. तुम्हीच बघा जरा."