निळ्या दिव्याखालची मेथी

थंडीतला रविवार, दुपारचा एक. हजर: मेश्राम साहेब, मी आणि माझी बायको. एकूण वाट्या तीन. तिन्हींत मेथीची भाजी, तिन्ही अळणी.

"मीठ घातलं की निकाल बिघडतो," साहेब म्हणाले. पहिली वाटी लाल दिव्याखाली वाढलेली, दुसरी निळ्या, तिसरी पांढऱ्या.

बायको म्हणाली, "तिसरी जरा कमी कडू आहे."

"जरा म्हणजे किती? दहापैकी सांगा."

"भाऊजी, मी जेवायला आलेय."

साहेबांनी वहीत लिहिलं: मत देण्यास नकार.

मेश्राम मूळचे भंडाऱ्याचे. लखनऊच्या एका संशोधन संस्थेत चौतीस वर्षं टेक्निशियन होते. शास्त्रज्ञांच्या रोपांची उंची मोजायची, हे काम. एका बड्या साहेबाने अकरा पूर्णांक सहा सेंटीमीटरचे बारा करायला सांगितले; यांनी केले नाहीत आणि दोन वर्षं गोदामात बसले. आता निवृत्त. लखनऊच्याच वृंदावन योजना या वसाहतीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात.

मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला गेली. तिच्या खोलीत आता तीन रॅक आहेत, मध्ये काळे पडदे, प्रत्येक रॅकवर ऐंशी रोपं. दार उघडलं की जिन्यात जांभळा उजेड पडतो. गार्डने एकदा विचारलं, "अंकल जी, अंदर पार्टी चल रही है क्या?"

"हाँ. दो सौ चालीस मेहमान हैं, सब खड़े हैं."

मी ऑडिटमधला माणूस, आकड्यांना घाबरत नाही. तरी साहेबांकडून मला रोज जिन्यात उंचीची सरासरी ऐकावी लागते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लाल उजेडात मेथी नुसती वर पळते, काडीसारखी. निळ्यात बसकी राहते, पण पान जाड आणि गडद होतं. "उंची म्हणजे तब्येत नव्हे, रामटेके," असं माझ्याकडे वरून खाली बघत म्हणतात. माझी उंची पाच फूट तीन इंच.

दुसरी पेरणी झाली तेव्हा त्यांच्या सात वर्षांच्या नातीने व्हिडिओ कॉलवर निळा रॅक आपला म्हणून निवडला. तिला मराठी समजतं, बोलते हिंदीत. कॉल दर रविवारी अकराला. पहिल्या रविवारी सगळे कोंब सारखेच होते. कॉल वीस मिनिटं चालला. पुढच्या रविवारी अकरा मिनिटं. तिसऱ्या रविवारी मी तिथेच होतो.

"नानाजी, मेरा वाला सबसे छोटा है?"

"हो. पण पान बघ किती जाड आहे."

"पर छोटा है ना."

फोन आईच्या हातात गेला. आई पोळ्या करत होती. तीन मिनिटांत कॉल संपला.

त्या आठवड्यात साहेब जिन्यात सरासरी बोलले नाहीत. चौथ्या रविवारी पावणेअकराला त्यांनी आमची बेल वाजवली. "रामटेके, जरा या. एक ट्रे धरायचाय."

त्यांनी मला काळ्या पडद्यामागे उकिडवं बसवलं. टेबलावर लाल रॅकचा ट्रे ठेवला, शेजारी निळा पडद्याच्या फटीतून माझ्या हातांत दिला. कॅमेऱ्यात फक्त शेंडे दिसणार होते.

"वर करा. आणखी. लालच्या वर दोन बोटं."

"दोन बोटं म्हणजे किती सेंटीमीटर?"

"दोन बोटं म्हणजे दोन बोटं. गप्प बसा."

फोन लागला. साहेबांनी कॅमेरा शेंड्यांवर धरला. मग, "नानाजी, मेरा वाला तो सबसे लंबा हो गया."

"हो बेटा," साहेब म्हणाले. एवढंच म्हणाले.

मग ती बोलत सुटली. पडलेला दात, वर्गातलं भांडण, पेन्सिल कोणी घेतली, बाईंनी कोणाला उभं केलं. साहेब प्रत्येक नाव पुन्हा विचारून घेत होते. माती ओली असली की ट्रे फार जड लागतो. मेथीची पानं नाकात जात होती. सतराव्या मिनिटाला ट्रे बोटभर खाली आला.

उजव्या हातात फोन धरून साहेब हसत बोलत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी डावा हात पडद्याआड घातला, माझ्या कोपराखाली टेकू दिला आणि तो तसाच ठेवला.