शालिकभाऊंची अर्धी मोटार

शालिकभाऊ लांजेवारांच्या घरी बसायचं असेल तर आधी पट्टा लावावा लागतो. पट्टा म्हणजे मोटारीतला, सीटबेल्ट. त्यांच्या पडवीत पाहुण्यांसाठी जो सोफा आहे, तो मुळात सोफा नाहीच. एका परदेशी, आलिशान गाडीची ती मागची सीट आहे. अस्सल चामड्याची, मधे हात टेकायला गादी असलेली. तुम्ही बसलात की शालिकभाऊ समोर उभे राहतात आणि म्हणतात, "पट्टा लावा, मॅडम." आपण हसतो. ते हसत नाहीत. खटका वाजल्याशिवाय आतून चहा येत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चहा पिऊन घाईने उठले आणि पट्ट्याने मला धपकन परत बसवलं. "घाई नोका करू," शालिकभाऊ म्हणाले, "गाडी थांबू द्या."

ज्या गाडीची ही सीट, ती बाहेर अंगणात उभी असते. पुढून पाहाल तर आतून एखादा मंत्री उतरेल असं वाटतं. काळी कुळकुळीत, लांब नाकाची, बटण दाबलं की काचा वरखाली करणारी. मागून पाहाल तर भाजीबाजार. पुढच्या दोन सीटा संपल्या की छप्परही संपतं, आणि सुरू होतो सागवानी फळ्यांचा डाला, म्हणजे माल ठेवायचा उघडा हौदा. फळ्यांना हिरवा रंग, मागे साखळीची झडप. एकदा चौकात पोलिसाने अडवून विचारलं, "ये कार है कि पिकअप?" शालिकभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, आगे से कार है, पीछे से पिकअप. चालान आधे का काटो." पोलीस गाडीभोवती दोन चकरा मारून निघून गेला. कुठल्या अर्ध्याचा दंड कापायचा, हे त्याला ठरवता आलं नसावं.

मी मूळची भंडाऱ्याची. लग्न होऊन मध्य प्रदेशात बालाघाटला आले, इथल्या शाळेत हिंदी शिकवते, घरी मराठी बोलते आणि बाजारात दोन्हीची खिचडी. शालिकभाऊ आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. जन्मभर तिरोडीच्या बाजूला मँगनीजच्या खाणीत डंपर चालवला. डंपरवर हाडं खिळखिळी झालेला माणूस म्हातारपणी असली मऊ गाडी घेतो आणि तिचं मागचं धड कापून टाकतो, याचा उलगडा गावाला होत नव्हता. गावाने मग आपापल्या परीने कारणं शोधली. कोणी म्हणे ऊन लागलं, कोणी म्हणे बायकोच्या दुखण्याने डोकं फिरलं.

दुसरं म्हणणारे निदान बरोबर वाटेवर तरी होते. तीन वर्षांपूर्वी यशोदावैनी, म्हणजे शालिकभाऊंच्या पत्नी, माळ्यावरून वाळवणाचा डबा काढताना शिडीवरून पडल्या. पाठीचा कणा दुखावला. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण बसणं कायमचं गेलं. नागपूरहून त्यांना आडवं ठेवून गाडीने आणलं तेव्हा दर खड्ड्याला त्या ओरडत होत्या. घरात आल्यावर म्हणाल्या, "आता मले या घरातून चौघायच्याच खांद्यावर न्या. गाडीत नोको." तेव्हापासून खिडकीजवळची खाट हेच त्यांचं गाव.

इथवर माणूस सोसतो. पण वैनींची आई किरनापूरच्या पलीकडे एका खेड्यात आहे. नव्वदीची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, स्वतः हलण्याच्या पलीकडे गेलेली. लेक तीन वर्षांत आली नाही, तेव्हा म्हातारीने मनाशी पक्कं धरलं की लेक मेली आणि सगळे मिळून लपवताहेत. फोनवर वैनी बोलायच्या तर ती म्हणायची, "आवाज त कोनाचाबी काढता येते. माही यशोदा जित्ती असन त आनून दाखवा. हात लावीन, मंगच मानीन." फोन ठेवून वैनी भिंतीकडे तोंड करायच्या. जिवंतपणी आपली आई आपल्यासाठी रडते आहे, हे ऐकत पडून राहायचं म्हणजे काय, मला विचारू नका. मी शेजारच्या खोलीतून ऐकलं आहे.

शालिकभाऊंनी ठरवलं, खाट जशीच्या तशी उचलून ठेवता येईल आणि जिच्यात पोटातलं पाणी हलणार नाही अशी गाडी करायची. अशा गादीसारख्या चालीची गाडी एकच, मोठे साहेब लोक वापरतात ती. ती जुनी मिळते. पण तिच्यात खाट मावत नाही.

मग त्यांनी नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात फोन लावला. पलीकडे कोणी पुण्याकडचा माणूस होता. शालिकभाऊंनी विचारलं, "गाडी मागून खाली हाय का?" म्हणजे रिकामी आहे का, सीटा काढलेल्या आहेत का. पुण्याच्या माणसाला 'खाली' एकच ठाऊक. त्याने सांगितलं, "हो हो, मागच्या बाजूलाच आहे, खाली. या कधीही." शालिकभाऊ मोजपट्टी घेऊन गेले. दुकानाच्या मागे, जिन्याने उतरून, तळघरात गाडी उभी. दार उघडलं तर आत सोफ्यासारख्या सीटा ठासून भरलेल्या. "हे त भरेल हाय!" शालिकभाऊ ओरडले. "तुमीच त म्हनलं खाली हाय!" "अहो, मग आपण खालीच तर उभे आहोत," पुण्याचा माणूस म्हणाला. ही गोष्ट मी वर्गात सांगते. मुलं हसतात आणि 'खाली' शब्द विसरत नाहीत.

गाडी घरी आली, कापली गेली, डाला बसला, आणि परीक्षा सुरू झाल्या. आधी अंडी. मग टमाटे. मग काठोकाठ भरलेली कळशी. शालिकभाऊ डाल्यात कळशी ठेवून रेल्वे फाटकापर्यंत जात, परत येत आणि वाकून पाहत. "पोटातलं पानी नाही हालत, मॅडम," ते सांगायचे. शेजाऱ्यांनी यात आपला फायदा पाहिला नसता तरच नवल. कोणाचा आरसा, कोणाचे गणपती, कोणाच्या ओल्या कुरडया. मीही सासूबाईंच्या लोणच्याची बरणी पाठवली. तिच्या तेलावर तरंगही उठला नाही, पण वैनी गाडीतून जायचं नाव काढेनात. "कयशीले पाठ नसते," त्या म्हणायच्या.

मग तो रविवार आला. मी बाजारातून भाजी घेऊन येत होते, तर रस्त्याने गर्दी हळूहळू सरकत होती. पुढे एक उघडी गाडी, गाडीत खाट, खाटेवर पांढरी चादर पांघरून हात-पाय सरळ केलेला माणूस. चालवणारा कोणाशी बोलत नव्हता. सायकलवाले उतरले. चहावाल्याने गॅस बंद केला. मागून कोणी तरी "राम नाम सत्य है" सुरू केलं आणि दहा-बाराजण ओळखदेख नसताना मागे चालू लागले. आमच्या गावाचं हे असं आहे. जिवंतपणी वाट देणार नाहीत, मेल्यावर नाक्यापर्यंत पोचवून येतील. खोटं कशाला बोलू, मीही पिशवी खाली ठेवून हात जोडले. तेवढ्यात गाडीचं काळं लांब नाक दिसलं, आणि चालवायला भलताच माणूस. शालिकभाऊ गेले!

फुलवाला पुढे झाला आणि त्याने श्रद्धेने झेंडूची माळ टाकली.

"कोनं टाकला बे हा हार?" मयत उठून बसली.

पळापळ झाली. माझी पिशवी कोणी तरी तुडवली. शालिकभाऊ भर रस्त्यात, ओल्या बनियनवर, हातात स्टीलचा पेला घेऊन ओरडत होते, "सांडलं न सारं! फाटकापासून एक थेंब नाही सांडला, अन हा शहाना हार घालते!" पेला त्यांनी चादरीखाली छातीवर ठेवला होता, काठोकाठ भरून. पुढे स्टिअरिंगवर त्यांचा खाणीतला जुना सोबती परसराम होता, आणि तो मान खाली घालून हसत होता.

संध्याकाळी मी चौकशीला गेले. शालिकभाऊ पालथे पडले होते आणि परसराम त्यांच्या कमरेला तेल चोळत होता. "या वयात तुम्हाला काय गरज होती?" मी जरा चिडूनच म्हटलं.

"कयशी सांडली का नाही येवढंच सांगते, मॅडम," ते उशीत तोंड ठेवून म्हणाले. "दुखलं का नाही, थे नाही सांगत. तिले कोठी लागन, मले कसं कळन? म्हनून झोपून पाहून राह्यलो."

"अकरा खेपा झाल्या," परसराम म्हणाला. "उजव्या बरगडीखाली लागते म्हनते. गादीत कापूस तिसऱ्यांदा भरला."

मी आत गेले. वैनींना बाजारातली सगळी हकीकत सांगितली. हार, पेला, पळणारा चहावाला. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "नोका हसवू, पाठ दुखते," म्हणत होत्या आणि हसत होत्या. मग मी अकरा खेपांचं आणि बरगडीचं सांगितलं. वैनींचं हसू थांबलं. त्या म्हणाल्या, "उजव्या बरगडीखाली? तेथीच त लागते मले." मग म्हणाल्या, "परवा जाऊ. उद्या माहे केस धुऊन द्या."

मंगळवारी आम्ही निघालो. खाटेवर वैनी, शेजारी स्टुलावर मी, पुढे शालिकभाऊ. बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली, एक शेळीही. दर खड्ड्याआधी गाडी थांबायची आणि पुढून विचारणा यायची, "लागलं का वं?" वैनी आभाळाकडे पाहत होत्या. तीन वर्षांत त्यांनी खिडकीएवढंच आभाळ पाहिलं होतं. सातव्या-आठव्यांदा त्यांनी उत्तर दिलं, "लागत नाही. चाला न आता. माय मरन तवा पोचू का?" शालिकभाऊंनी गाडी किंचित जोरात घेतली.

गाडीचा आवाज असा नाहीच. अंगणात शिरलो तरी घरातल्यांना कळलं नाही. म्हातारीला दोघांनी उचलून डाल्यापाशी आणलं आणि झडप उघडून फळीवर बसवलं. तिने आधी सागवानी फळी चाचपली. मग खाटेची दोरी. मग लेकीची पावलं, गुडघे, हात. म्हातारीचा हात चेहऱ्यावर पोचला आणि हनुवटीखाली थांबला. तिथे लहानपणी विळा लागल्याचा वण होता. बोट त्यावरून दोनदा फिरलं.

"हौ," म्हातारी म्हणाली, "माहीच हाय."

मग दोघी रडल्या, आणि मीही रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. थोड्या वेळाने म्हातारीने डोळे पुसले आणि पुन्हा फळीवरून हात फिरवला. "येवढ्या दूरून बैलगाडीनं आनलं माह्या पोरीले? अन आवाजबी नाही झाला! गुनाचे बैल हायेत, जावई. पानी पाजलं का त्यायले?"

मी शालिकभाऊंकडे पाहिलं. या गाडीला कोणी टेम्पो म्हटलं तर आठवडाभर न बोलणारा माणूस.

"पाजतो, माय," ते म्हणाले.

त्यांनी खरंच विहिरीवरून बादली भरून आणली, गाडीच्या काळ्या नाकापुढे ठेवली आणि तिथेच उकिडवे बसले. मी पुढे गेले, तर त्याच बादलीतलं पाणी घेऊन ते तोंड धूत होते. धुऊन झालं की पुन्हा धूत होते.

"पेले का बैल?" मागून म्हातारीने विचारलं.

"पिऊन राह्यले, माय," शालिकभाऊ म्हणाले. "लय दिवसाचे तहानले होते."